शुक्रवारचं कुलूप

"मास्तर, परत कुलूप बघायला आलात काय?" खानावळीच्या ओट्यावरून बकुळाबाईंनी विचारलं.

चिंतामणी ओशाळला. निजामपुऱ्यातल्या या खोलीपुढे तो सलग चौथ्या शुक्रवारी उभा होता. गाव सोडून आलेले, यंत्रमागांवर राबणारे लूम कामगार इथे कसे राहतात, यावर त्याचं विद्यापीठात संशोधन चाललं होतं. शुक्रवारी लूम बंद, म्हणजे सगळे घरी सापडणार, असा त्याचा अंदाज. सोमवारी फॉर्म सरांच्या टेबलावर हवे होते. आज ही खोली हुकली, तर गल्लीतली सर्वांत दाटीची खोली कागदावर रिकामी राहणार होती. नाइलाजाने त्याने पेन्सिलीने लिहिलं, 'माहिती देण्यास नकार.'

"काय लिवलंत?"

त्याने वाचून दाखवलं. बाई पदराआड हसल्या.

"नकार कुनी दिला? अवो, खोलीत वळकट्या आठ, मानसं सोळा. आठ शिफ्टला जातात तवा आठ निजतात. शुक्रवारी सोळाच्या सोळा मोकळे. आत मावायचे कुठं? टेमघरच्या देवळात जा. कीर्तन हाय, तिथं बसलेत समदे."

तो रिक्षाने पोचला तेव्हा पूर्वरंग संपून नामाचा गजर चालला होता. भिंतीकडेच्या रांगेतल्या एकाने त्याच्या हातातले फॉर्म पाहून ओळखलं. "सर्वेवाले साहेब ना? बकुळाबाई बोलल्या होत्या. मी दौलत. ही रांग आमच्या खोलीचीच. या, बसा." रांग सरकत गेली आणि वीतभर जागा निघाली. चिंतामणी तिच्यात बसला.

दौलतच्या खांद्याला टेकून एक पिकल्या मिशांचा माणूस डोळे मिटून बसला होता. "हा रामनाथ, बनारसकडचा. दोन वर्षं आमची वळकटी एकच. मी उठतो, हा पडतो. भेट होते ती इथंच."

"कीर्तन समझ में आता है, चाचा?" चिंतामणीने हळूच विचारलं.

रामनाथने डोळे उघडले नाहीत. "थोडा थोडा. लूम पर तो अपनी ही आवाज सुनाई नहीं देती, साहब. यहाँ सब सुनाई देता है."

चिंतामणीने रबर काढला आणि नकार खोडून टाकला.

इतक्यात बुक्क्याची वाटी घेऊन एक म्हातारबाबा रांगेतून निघाले. एकेका कपाळाला बोट लागत होतं, तसा चिंतामणी मनात मोजत गेला. चौदा. पंधरा. दौलत सोळावा. तो आकडा मांडायला चिंतामणी फॉर्मवर वाकला. बाबा पुढे गेले नाहीत. बुक्क्याचं बोट तसंच हवेत धरून उभे राहिले.

"मान वर करा, साहेब," दौलत म्हणाला. "तुमचं राहिलंय."