गोठवलेली नस

सुई कमरेत शिरली तेव्हा कासम पालथा पडून होता. शेजारच्या पडद्यावर त्याचाच मणका दिसत होता. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"आता नस गोठवतेय," डॉक्टर मेघाली म्हणाल्या. "थोडं दडपल्यासारखं वाटेल. दुखलं तर सांगा, कासमभाई."

"न्हाय दुखत. किती दिवस टिकंल?"

"वर्षभर धरून चाला. नस हळूहळू पुन्हा वाढते. मग कदाचित दुखणंही परत येईल."

"वजन कधी उचलता येईल?"

"इतक्यात भरलेली बादलीसुद्धा नाही. महिन्याने तपासते, मग बघू."

"चौघांत मिळून उचलायचं असंल तर?"

डॉक्टरांना वाटलं, कापडाच्या लूमवरच्या जड बीमचं विचारतोय. "ते काम आता विसरा," त्या म्हणाल्या.

निजामपुऱ्यात त्याने एकतीस वर्षं लूम चालवले होते. बारा-बारा तास उभं राहायचं, सुताने भरलेले बीम चढवायचे. त्यातच कंबर गेली. अलीकडे ती कधी धरेल याचा नेम नसे, आणि धरली की आठ-आठ दिवस खाट सुटत नसे. या इलाजाची बातमी आणली इम्रानने, त्याच्या एकुलत्या एका मुलाने. "कापाकापी न्हाय, अब्बा. एक सुई, आणि संध्याकाळी घरी." कल्याणच्या या डॉक्टरांची तारीखही त्याने दोनदा घेतली. दोन्ही वेळा कासमने ती टाळली. पाठीत सुई घ्यायची त्याला भीती वाटायची. "ईद होऊ दे, मग बघू," तो म्हणायचा.

ईदला नऊ दिवस उरले असताना कोन गावाजवळ एका ट्रेलरने इम्रानची मोटारसायकल उडवली.

त्या दिवशी कासमची कंबर धरलेली होती. चौघांनी त्याला गादीसकट उचलून ओटीवर नेलं, मुलाचा चेहरा दाखवला आणि परत आणून निजवलं. मग जनाजा उठला. कलमा पढत चाललेल्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, तिथून वळला आणि पलीकडच्या लूमच्या खडखडाटात बुडून गेला. कासम छताकडे बघत पडून राहिला. गल्लीतल्या एकूण एक पुरुषाने इम्रानला खांदा दिला. बापाने नाही.

इम्रानच्या चाळिसाव्या दिवसानंतर तोच बायकोला, सालेहाला म्हणाला, "त्या डॉक्टरांकडं ने मला." नवरा सावरतोय, असं सालेहाला वाटलं. तेवढ्यावर तिने दीड महिन्यात पहिल्यांदा नीट जेवण केलं.

इलाज लागू पडला. महिन्याने डॉक्टरांनी त्याला वाकवून, वळवून बघितलं. "जपून, पण उचला आता थोडंफार," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी दुपारी तो धामणकर नाक्यावर रिक्षाला उभा होता. समोरून एक जनाजा आला. रहदारी थबकली. कुणाचा जनाजा, कासमला ठाऊक नव्हतं. तो माणसांतून वाट काढत पुढे गेला आणि पुढच्या दांडीखाली त्याने उजवा खांदा दिला.

वजन अंगावर आलं. कंबर काही बोलली नाही.

दहा पावलांवर मागच्या माणसाने हात पुढे केला. "लाओ चाचा, बस हुआ."

"राहू दे."

"थक जाओगे, चाचा."

"न्हाय थकत. राहू दे, बाबा."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्या माणसाने हात मागे घेतला. बाकीचे खांदे बदलत राहिले, कासमचा तेवढा तसाच राहिला, कब्रस्तानापर्यंत. तीन मुठी माती त्याने सावकाश दिली, सगळे परतले तरी थोडा वेळ तिथेच उभा राहिला, आणि मग पायीच घरी आला.

सालेहाने दार उघडलं. त्याच्या हाताला माती होती, सदरा खांद्यावर चुरगळला होता.

"लूमवर गेलतात ना? डॉक्टरांनी नको म्हटलेलं, तरी?"

"न्हाय."

"मग कुठं होतात एवढा वेळ?"

कासम उंबऱ्यातच बसला. कितीतरी दिवसांनी तो हात न टेकता खाली बसला होता. मग तो रडायला लागला, त्या दिवशी रडला नव्हता तसा.

"इम्रानला पोचवून आलो," तो म्हणाला.