एक वजा

जोतीरामच्या पत्राला मी वीस वर्षं उत्तर दिलं नाही. 'सर, तुम्ही शाळेत मोजलं तवा मी एकशे अडुसष्ट भरलो. फौजेच्या भरतीत सायबानं एक सेंटीमीटर कमी म्हणून काढलं. त्यानं खोटं मोजलं, व्हय ना? तेवढं लिवून धाडा.'

काल त्याची उत्कर्षा म्हसवडहून आली. "आवं सर, सोमवारी पोलीस भरती हाय माजी. बाबा जाऊच देत न्हाईत. तितं मापात दगा करत्यात म्हणत्यात."

"तुझी उंची?"

"एकशे साठ. लय झाली! पर त्ये तुमच्याबिगर कुणाचं ऐकत्यात व्हय?"

ती गेल्यावर लिहायला बसलो. 'जोतीराम, आपल्या मीटरपट्टीचा पहिला सेंटीमीटर तुटलेला होता, म्हणून मापातून एक वजा करायचो. तुझ्या उंचीला पट्टी दोनदा लावली, वजा मात्र एकदाच केला. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी हे कळलं होतं. साहेब खरे होते. पोरीला जाऊ दे.'

तिच्या हाती द्यायचा धीर मला झालाच नसता. आज सकाळी स्पीड पोस्टानं पाठवलं.