अकरावा चौकोन

शेवटचं झुडूप लावून झालं तेव्हा रखवालदारकाकांच्या नखांत माती होती आणि चेहऱ्यावर विजय. समोर झुडपं मोजायला येणाऱ्या सरकारी बाईंची होडी धक्क्याला लागतच होती. अगदी वेळेत!

झुडपं बोटभर उंचीची. फुलं निळी, नखाएवढी. साऱ्या जगात फक्त याच बेटावर उगवणारी. ती किमान वीस सापडली तर बेट राखीव राहणार, नाहीतर इथे हॉटेल येणार आणि काका-काकूंचं सत्तावीस वर्षांचं घर जाणार. एवढा साधा हिशोब.

पण मोजणीची तऱ्हाच अजब! कॉम्प्युटरने बेटावर दहा जागा निवडल्या होत्या. बाईंनी महिन्यापूर्वी येऊन तिथे खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधून चौकोन आखले. दोरीच्या आत असेल तेच मोजायचं. बाहेर जंगल असलं तरी ते नाहीच! आणि झुडपं होती सगळी मागच्या उतारावर. तिथे एकही दोरी नव्हती.

मग काय, काकांनी डोकं लढवलं. दोन दिवस खपून त्यांनी एकूण एक झुडूप उपटलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि दोऱ्यांच्या आत आणून लावलं. अडतीस! मागे एकही ठेवलं नाही. कंजूषपणा कशाला?

"मला कधी एक फूल दिलं नाहीत," काकू म्हणाल्या होत्या, "आणि यांना तान्ह्या बाळासारखं उचलून आणताय!" म्हणाल्या खऱ्या, पण पाण्याची कळशी त्यांनीच वाहिली.

बाई धापा टाकत चढण चढून आल्या. आज स्वारी भलतीच खुशीत होती. पहिल्या चौकोनापाशी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि "अगं बाई!" म्हणून ओरडल्याच. काका मिशीतल्या मिशीत हसले.

मग बाईंनी एका झुडपाला बोट लावलं. ते आडवं झालं. दुसऱ्याला लावलं. तेही. उन्हात सगळ्यांनीच माना टाकल्या होत्या.

"काका, ही इथे कशी आली?"

"आली म्हणजे... आणली. मागच्या उतारावरून. अडतीस आहेत मॅडम, मोजा तर खरं!"

"लावलेली धरता येत नाहीत हो." बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "सगळी आणलीत? तिथे थोडी तरी ठेवली असतील ना?"

"सगळी!" काकूच अभिमानाने म्हणाल्या. "यांचं काम कधी अर्धवट नसतं."

"परत नेऊन लावली तर?" काकांनी विचारलं.

बाईंनी एक झुडूप उचललं. मुळं दोऱ्यासारखी तुटून लोंबत होती. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

"इथे फोन लागत नाही," त्या म्हणाल्या, "नाहीतर कालच कळवलं असतं."

त्यांनी पिशवी उघडली. आत चार कोऱ्या खुंट्या होत्या आणि नव्या दोरीचं बंडल.

"महिनाभर भांडले मी ऑफिसात. मागच्या उतारासाठी अकरावा चौकोन मंजूर करून आणलाय, काका."