नव्वदीपर्यंत

कॅप्टन अच्युत टिपणीस एक्क्याऐंशी वर्षांचे होते. सकाळी त्यांच्या बुटांचे बंद पत्नीने, इंदुमतीबाईंनी, बांधले. कॉकपिटमध्ये बसवून त्यांनीच त्यांच्या डोक्यावर हेडसेट चढवला. हिरवा दिवा लागला आणि कॅप्टनची भिरभिरती नजर स्थिर झाली.

"इंदू, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे." हेडसेट कंपनीचा होता आणि तो विमानाबाहेर चालत नसे. घरी हा प्रश्न चार वर्षांत आला नव्हता. "अहो, निवृत्तीचं वय आता नव्वद केलंय. घरच्यांची सही मागतायत."

"करू नकोस. हात माझे असले तरी विमान हे यंत्रच चालवतं. दमलोय गं. घरी बसू दे मला."

"घरी तुम्ही मला ओळखत नाही."

"ठाऊक आहे. तरी नको करू."

"बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी विमान परतलं. मेकॅनिकने हेडसेट काढून घेतला. इंदुमतीबाईंचा हात धरून कॅप्टन जिना उतरले आणि अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाला न्यायला आलात?"

इंदुमतीबाईंनी पर्समधून फॉर्म काढला आणि उभ्या उभ्या सही केली.