पहिला फोटो

तलावातला लाल फडक्याचा बांबू नेमका डोंगराच्या प्रतिबिंबावर आला होता. मृदुलाने एक फोटो काढून पाहिला, मग गुडघाभर पाण्यात उतरून बांबू उपटला आणि गवतात ठेवला. जाताना तो परत रोवायचा होता. दुसरा फोटो स्वच्छ आला. तेवढ्यात सोबतच्या फोटोग्राफरांनी गाडीचा हॉर्न वाजवला आणि बांबू तसाच राहून गेला.

परतताना तिथेच एक कोळी होडीतून घिरट्या घालत होता. "जाळ्याची खूण गेली, ताई," काठावरून त्याची बायको म्हणाली. "दोन महिने विणलंय. कुठं शोधायचं आता?"

मृदुलाने कॅमेऱ्यातला पहिला फोटो उघडला. बांबू डोंगराच्या सुळक्याच्या बरोबर खाली होता. तिने हात करून होडी तिकडे वळवली. जाळं सापडलं.

"देवासारख्या भेटलात!" कोळी काठाला आला. "पण खूण गेली कुठं?"

"वाऱ्याने पडली असेल," मृदुला नजर चुकवत म्हणाली.

बाईने स्थिर तलावाकडे पाहिलं, मग मृदुलाच्या गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाकडे. तिने पाण्याची कळशी पुढे केली.

"पाय धुऊन घ्या, ताई. तळाचा चिखल हाय, लवकर निघत न्हाई."