दहाच मिनिटं बोलायचं!

"आज माझा घसा बसला आहे." पहिलीच्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

पुढच्या बाकावरच्या चिमणीने एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि विचारलं, "कुठे बसला, बाई?"

बाईंनी गळ्याकडे बोट दाखवलं. मागे बसलेल्या तपासनीस मॅडमनी हसू दाबत घड्याळ सुरू केलं.

नव्या अभ्यासक्रमाचा नियमच तसा होता. चाळीस मिनिटांच्या तासात बाईंनी दहाच मिनिटं बोलायचं, बाकी सगळं मुलांनी. पहिल्या तपासणीत बाई एकतीस मिनिटं बोलल्या होत्या. दुसऱ्या वेळी अगदी जीभ चावून आवरलं, तरी अठ्ठावीस! आजची तिसरी आणि शेवटची. आज चुकलं, तर बावीस वर्षं सांभाळलेला पहिलीचा वर्ग हातचा जाणार आणि बाई ऑफिसात फॉर्म भरत बसणार.

त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'वर्ग किती लांब? पावलांनी मोजा.'

चिमणी टाचेला अंगठा लावत फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत गेली. "चाळीस!"

तिच्या मागोमाग तसंच मोजत आलेला लंबू म्हणाला, "हॅट! बत्तीस."

"खोटारड्या!"

"तूच! मोजता तरी येतं का?"

वर्गात नुसता कल्ला. बाईंच्या मुठीतल्या खडूचे दोन तुकडे झाले. त्या पुढे आल्या, त्यांनी तोंड उघडलं आणि पटकन खोकल्या.

लंबू चिमणीच्या पायाला पाय लावून उभा राहिला. खाली बघतच राहिला.

"ए, तुझं पाऊल बघ, केवढंसं! म्हणून तुझी पावलं जास्त झाली."

"म्हणजे मी बरोबर?"

"मी पण!"

तपासनीस मॅडमनी घड्याळ थांबवलं. "एकही मिनिट नाही! बाई, पहिली तुमचीच. आता घशाला जपा."

बाईंनी हात जोडले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, दुसरीच्या बाई येऊन त्यांना बिलगल्याच. "सुटलात हो ताई! उद्या माझी तपासणी. माझं तोंड तर झोपेतही चालू असतं, आणि घसा मेला ठणठणीत!"

पहिलीच्या बाईंनी दार लावून घेतलं.

"मग आत्तापासूनच खोकायला लाग," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.