नववी पायरी

"आठ," लेक म्हणाली. "नऊ. चल, पुढे."

नवव्या पायरीवर आईनं कठडा घट्ट धरला. "बास गं. पुढे पायच जात नाही."

खाली अजून पाच पायऱ्या, मग दार, मग रस्ता. आई पडलीच तर झेलायला लेक एक पायरी खाली उभी होती. शाळेत ती कवायत शिकवायची, आवाजही शिट्टीसारखाच. "कालही नऊ, परवाही नऊ. माझ्या वर्गात असतीस तर मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या."

"तूही नऊ महिने घेतलेस बाहेर यायला. मी काही बोलले?"

लेक हसली. हसता हसता तिथंच पायरीवर टेकली आणि धाप ओसरेपर्यंत उठली नाही.

गुडघा बदलून सहा आठवडे झाले होते. आईचा सारा जन्म शिवणकामात गेलेला. रोज सकाळी ती गळ्यातली टेप गुडघ्याभोवती गुंडाळायची आणि सुजेचं माप कॅलेंडरवर लिहायची. पंचेचाळीस सेंटिमीटरवरून चाळीसवर आलं होतं. व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट डोकं खाजवायचा. "गुडघा तर छान वाकतोय, आजी. अडतंय कुठं?"

"भीती वाटते हो."

भीती खरीच होती. पडण्याची मात्र नव्हती. लेक रजा काढून परगावाहून आली होती आणि पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "तू एकदा हा जिना उतरलीस की मी सुटले." ती सुटली की या दोन खोल्या, शिवणयंत्र आणि दिवसभर भिंतींशी बोलणं.

तीन आठवड्यांपूर्वी लेक औषधं आणायला गेलेली असताना आई एकटीच चौदाच्या चौदा पायऱ्या उतरली होती. दाराला हात लावून परत वर आली होती. कॅलेंडरवर तिनं ते लिहिलं नाही.

संध्याकाळी लेकीनं कवायतीची पँट पुढ्यात टाकली. "कमरेत दोन बोटं आत घे."

"मागच्या पंधरवड्यातच घेतली की."

"तुझ्यामागे धावून वाळले."

"मग धावू नकोस. बस माझ्यापाशी."

लेक बसली, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. ताटातलं तसंच राहिलं. आई टाके घालत गुणगुणत होती :

पहिल्या पायरीला पाय माझा लाकडाचा,
दुसऱ्या पायरीला आधार लेकीच्या खांद्याचा.

तिसरी ओळ तिला जुळवायचीच नव्हती.

सोमवारी सकाळी दाराशी लेकीची बॅग भरून ठेवलेली दिसली.

"चाललीस?"

"आधी दोघी दवाखान्यात जाऊ. मला तिथूनच पुढे जायचंय." लेकीच्या आवाजात आज शिट्टी नव्हती. "आज उतर, आई."

आई बॅगेकडे बघत राहिली. पोटच्या पोरीला तरी किती दिवस अडवून धरायचं? तिनं काठी घेतली. आठ. नऊ. थांबली नाही. दहा, अकरा, बारा, तेरा. चौदाव्या पायरीवर वळून पाहिलं तर मागे राहिलेली लेक कठड्याला धरून रडत होती.

"रडतेस काय, वेडे? सुटलीस एकदाची."

दवाखान्यात लेकीनं फाइल डॉक्टरांपुढे ठेवली. आईनं तपासायला सोपं जावं म्हणून गुडघा पुढे केला. डॉक्टरांनी त्याकडे पाहिलंही नाही. ते लेकीकडे बघत होते.

"तीन आठवड्यांपूर्वी भरती व्हायचं ठरलं होतं ना तुमचं? तेव्हा गाठ एकाच जागी होती. इतके दिवस कशासाठी थांबलात?"

लेकीनं आईचा हात हातात घेतला.

"आम्हाला दुसरं कोणी नाही, डॉक्टर. आईला जिना उतरता येईपर्यंत थांबले."